जेवणानंतर चाललं की शुगर का उतरते? स्नायूंच्या पेशीत साखर शिरण्याचे दोन मार्ग

कोल्हापूर : जेवणानंतर रंकाळ्याला एक फेरी मारली, की अनेकांना ग्लुकोमीटरवरचा आकडा कमी दिसतो. चालल्याने साखर 'जळते', हे उत्तर अर्धंच आहे. जळण्याआधी ती रक्तातून स्नायूंच्या पेशीत शिरावी लागते. ती शिरते कशी, समजून घेऊया.

इन्शुलिनचं काम काय?
पेशीचं आवरण मेदाचं, तर ग्लुकोज पाण्यात विरघळणारं. त्यामुळे ते थेट आत जाऊ शकत नाही. त्यासाठी 'ग्लुट-४' नावाच्या प्रथिनाचं दार लागतं. एरवी यातली बहुतेक दारं पेशीच्या आतच बारीक पिशव्यांत पडून असतात. जेवणानंतर स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटतं. त्याचा संदेश मिळताच या पिशव्या आवरणाला येऊन मिळतात आणि ग्लुकोज आत येऊ लागतं.

मधुमेहात काय बिघडतं?
टाइप-२ मधुमेहात सुरुवातीला इन्शुलिन असतं, पण त्याचा संदेश पेशीत नीट पोहोचत नाही. दारं आतच राहतात, साखर रक्तात साचते.

व्यायामाने काय होतं?
चालताना किंवा तालमीत बैठका मारताना स्नायू आकुंचन पावतात. पेशीत कॅल्शियम वाढतं आणि ऊर्जा कमी झाल्याचं 'एएमपीके' हे विकर ओळखतं. अशा संदेशांमुळे इन्शुलिनशिवायही ग्लुट-४ आवरणावर येतं. टाइप-२ मधुमेहातही हा मार्ग चालू असतो. व्यायामानंतर साधारण २४ ते ४८ तास स्नायू इन्शुलिनलाही जास्त दाद देतात. म्हणूनच सलग दोन दिवस खाडा नको, असं सांगितलं जातं.

बारीक माणसांना काळजी नाही?
पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा स्नायू किती आणि चरबी किती, हे सांगत नाही. स्नायू कमी, तर साखर सामावून घेणारी जागाही कमी.

हे लक्षात ठेवा
इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर व्यायामाने साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर थांबा आणि लगेच साखर किंवा गूळ खा. चालणं सुरू केलं म्हणून औषध मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.