हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठविण्यापूर्वी



1956 च्या धम्मदीक्षेच्या आठवणी, चळवळीची गाणी, आपल्या गावाचा इतिहास असे पुष्कळ काही आपल्या लोकांनी वह्यांत लिहून ठेवलेले आहे. लिहिणारा गेला की त्या वह्या पेटीत पडतात, नाहीतर रद्दीत जातात. त्यांचे पुस्तक व्हावे असे वाटत असेल, तर काय तयारी करावी, हे येथे थोडक्यात सांगत आहोत.

प्रथम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच उदाहरण घेऊ. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाचे लिखाण त्यांनी हयातीत पूर्ण केले. नानकचंद रत्तू यांनी ते टंकलिखित केले. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तरी 1957 साली सिद्धार्थ कॉलेज प्रकाशनातर्फे ग्रंथ बाहेर आला. याउलट 'रिडल्स इन हिंदुइझम' वाचकांच्या हाती पडण्यास 1987 साल उजाडले. महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचे संपादक वसंत मून व त्यांच्या सहकाऱ्यांना सुट्या कागदांतून प्रकरणे लावावी लागली. 'क्रांती आणि प्रतिक्रांती' तर अपूर्णच राहिले. विलंबाची कारणे इतरही होती. परंतु पूर्ण झालेली, क्रमवार लावलेली प्रत किती मोलाची असते, हे यावरून दिसते.

म्हणून आमच्या मते कसोटी एकच आहे. लेखकाला एकही प्रश्न न विचारता परक्या माणसाला जी प्रत छापता येईल, तीच खरी मुद्रणप्रत होय.

अशी प्रत तयार करताना पुढील गोष्टी पाळाव्यात.

कागदाच्या एकाच बाजूला लिहावे किंवा टाइप करावे. डावीकडे रुंद समास व दोन ओळींत मोकळी जागा सोडावी. संपादकाला दुरुस्ती तेथेच करायची असते. पृष्ठक्रमांक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग घालावेत, प्रत्येक प्रकरणाला पुन्हा एकपासून नव्हे. पहिल्या पानावर पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, पत्ता व फोन. त्यानंतर अनुक्रमणिका असावी.

शुद्धलेखन मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे तपासावे. मात्र आजीच्या तोंडचे 'मले', 'तुले' बदलून 'मला', 'तुला' करू नये. वऱ्हाडी ही आपली बोली आहे, ती चूक नव्हे. कोरकू शब्द आल्यास पहिल्याच ठिकाणी त्याचा अर्थ द्यावा.

सन, गाव व व्यक्तींची नावे दोनदा पडताळावीत. फोटोला क्रमांक देऊन त्यात कोण आहे, ते वेगळ्या कागदावर लिहावे. दुसऱ्याची कविता किंवा गाणे घेतल्यास परवानगी घ्यावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे कॉपीराइट राहतो.

संगणकावर टाइप करताना युनिकोड वापरावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा घोळ होतो. सोबत पीडीएफ व छापील प्रत द्यावी.

आपल्या चिखलदऱ्याला आणखी एक सूचना आवश्यक आहे. पावसाळ्यात येथे धुके घरात शिरते, कागद ओलावतो व बुरशी धरतो. म्हणून वह्या जमिनीवरच्या पेटीत न ठेवता कोरड्या उंच जागी ठेवाव्यात आणि पावसाळ्यापूर्वी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढावी किंवा मोबाइलने स्पष्ट फोटो घ्यावा. मूळ वही कोणालाही देऊ नये. प्रकाशकाकडे नेहमी प्रतच जावी.

आपल्या विषयाची पुस्तके कोणता प्रकाशक काढतो, हे वाचनालयात पाहून मगच त्याची निवड करावी. एक पानाचे पत्र व दोन पानांचा सारांश जोडावा. होकार आल्यास किती प्रती, मानधन किती, हक्क कोणाकडे, हे लेखी करून घ्यावे. पैसे मागितले तर ते कशाचे, हेही कागदावर यावे. नवोदितांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे. तिची चौकशी जरूर करावी.

शिकलेल्या मुलामुलींनी या सुट्टीत आपल्या घरची एक वही उघडावी. लिहिणारे आजोबा हयात असतील तर त्यांच्याजवळ बसून पानांना क्रमांक घालावेत व न लागणारे शब्द विचारून घ्यावेत. आज ते सांगू शकतात. उद्या ती वही आपल्यालाच वाचावी लागेल.