आधी झिजायचं कुणी?

बोट खालून पाहायची असेल तर पावसाळ्यात भाईंदरजवळच्या उत्तनला जावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर चढवलेल्या असतात आणि एरवी पाण्याखाली दडलेला भाग उघडा पडतो. इंजिनाच्या बोटींना पंख्याजवळ कुठे कुठे राखाडी धातूची वडी बोल्टने आवळलेली दिसते, चघळून टाकलेल्या खडीसाखरेसारखी. ते जस्त. इतकं झिजलं म्हणजे त्याने आपलं काम चोख केलं.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. काशाचा पंखा, पोलादी दांडा आणि भोवती हे पाणी. झाली बॅटरी तयार. जो धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो तो झिजतो, दुसरा वाचतो. जस्त या दोघांहून सढळ हाताचं, म्हणून ते मुद्दाम जोडायचं आणि त्याचा बळी द्यायचा.

युक्ती इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची, १८२४ची. ब्रिटिश युद्धनौकांच्या लाकडी तळाला किडा लागू नये म्हणून तांब्याचा पत्रा ठोकत, पण खारं पाणी तोही खाई. डेव्हीने तांब्याला लोखंड जोडून दिलं. आपल्या कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’ या जहाजावर प्रयोग झाला. तांबं शाबूत राहिलं, पण तळावर शेवाळ आणि शिंपल्यांचं रान माजलं! विरघळणारं तांबं हेच त्यांच्यासाठी विष होतं. ते विरघळायचं थांबलं, तशी त्यांची चंगळ झाली. खाऱ्या पाण्यात एक दुखणं बरं करावं तर दुसरं उपटतं, ते असं.

शिडाच्या बोटीवर महिनोन्‌महिने राहणाऱ्याच्या नशिबी उत्तनचे हे दोन महिने नसतात. त्याचा सर्वांत लबाड शत्रू म्हणजे डोलकाठीला ताणून धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या तारा. या पोलादावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिपातळ थर असतो. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. तार टोकाला जिथे घट्ट दाबून बसवलेली असते तिथे खारं पाणी शिरतं, हवा मात्र पोचत नाही. बाहेरून लखलखीत, आतून पोखरलेली. वर प्रत्येक लाटेचा हिसका. अशी तार सांगून तुटत नाही.

सुकाणूचंही तसंच. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली शिडाची बोट ‘तारिणी’ १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. घर जवळ आलं असताना सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि एप्रिल २०१८मध्ये बेतात नसलेला मॉरिशसचा मुक्काम करावा लागला. २१ मे रोजी त्या गोव्याला पोचल्या.

मॉरिशस जवळ होतं म्हणून. नौदलाचा माजी अधिकारी अभिलाष टॉमी २०२२च्या ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत उतरला, तिथे बंदर गाठून दुरुस्ती करून घ्यायची सोयच नव्हती. तंत्रज्ञानही पहिल्या शर्यतीच्या, म्हणजे १९६८ सालचंच चालणार. त्यामुळे सुकाणू धरायला ऑटोपायलट नाही, वाऱ्यावर चालणारी यंत्रणा. वर एक पातं वाऱ्याची दिशा ओळखतं आणि पाण्यातली फळी किंचित वळवतं. बोटीच्या वेगामुळे पाणी त्या फळीला जोराने ढकलतं, आणि त्याच बळावर सुकाणू फिरतं. वीज अजिबात नको. अशा अनेक यंत्रणांत फळीच्या वरची नळी मुद्दाम कमजोर ठेवतात. ओंडका आदळला तर ती मोडावी, यंत्र वाचावं. पुन्हा जस्ताचाच न्याय.

पण मोडायच्या भागांचे सुटे नग तरी किती बाळगणार? टॉमीने शेवटी बोटीतल्या शौचालयाचं दार कापलं आणि त्यातून फळी घडवली. २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी, तो फ्रान्सच्या किनाऱ्याला दुसरा आला. बोटीवर एकटाच होता. दारावाचून अडणार तरी कुणाचं होतं?