रस्त्याच्या भरावातील राख आणि लगतची शेती

औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळाल्यावर उरणारी राख आता रस्त्यांच्या भरावासाठी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण शेकडा 30 ते 45 इतके असते. त्यामुळे कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी अशा केंद्रांभोवती वर्षानुवर्षे राखेचे तलाव भरत गेले. केंद्र शासनाने 14 सप्टेंबर 1999 रोजी अधिसूचना काढून बांधकामात राखेचा वापर बंधनकारक केला. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने केंद्रापासून 300 किलोमीटरच्या आत रस्ते बांधणाऱ्यांवर, राख पोहोचविण्याविषयीच्या काही अटींसह, हे बंधन घातले आहे. तेव्हा असा रस्ता ज्यांच्या शेताच्या कडेने जाणार आहे, त्यांनी या राखेचे गुणदोष समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम तिच्या बाजूने सांगावयाचे ते असे. राख नसेल तर तेवढा भराव मुरुमाचा किंवा मातीचा घालावा लागतो आणि त्यासाठी टेकड्या पोखरल्या जातात, प्रसंगी शेताचा वरचा सुपीक थरही विकला जातो. तो थर पुन्हा तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. शिवाय राख तलावात पडून राहणे हेही निर्धोक नव्हे. जुलै 2022 च्या अतिवृष्टीत कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत व नदीनाल्यांत शिरले.

तथापि राख म्हणजे माती नव्हे. तिचा मुख्य भाग सिलिका, ॲल्युमिना व लोह यांचा असून तो निरुपद्रवी आहे. परंतु त्याबरोबर बोरॉन, आर्सेनिक, सेलेनियम, मॉलिब्डेनम यांचे अल्प अंश असतात व ते पाण्यात थोडेथोडे उतरतात. तलावातील राखेतून विद्राव्य क्षार बरेचसे आधीच धुतले गेलेले असतात. केंद्रातून कोरडी उचललेली राख मात्र पहिल्या पावसात अधिक क्षार सोडते.

यांपैकी बागायतदाराने विशेष लक्ष ठेवावे ते बोरॉनवर. पिकाला तो अत्यल्प प्रमाणात हवाच असतो, पण संत्र्यासारखी लिंबूवर्गीय झाडे जास्तीच्या बोरॉनला फार नाजूक असतात. ओलिताच्या पाण्यात लिटरला अर्धा ते पाऊण मिलिग्रॅमपेक्षा अधिक बोरॉन असल्यास त्यांना अपाय होऊ लागतो. कपाशी मात्र याच्या कितीतरी पट सहन करते. म्हणजे एकाच विहिरीचे पाणी कपाशीला चालते आणि शेजारची संत्राबाग खंगते, असे घडू शकते. जुन्या पानांची टोके व कडा प्रथम पिवळ्या पडतात, मग करपतात. पुष्कळदा याला पाण्याचा ताण समजून आणखी ओलीत दिले जाते, व त्याने नुकसान वाढते.

या साऱ्यावर उपाय एकच, तो म्हणजे राख झाकलेली व शक्य तितकी कोरडी राहिली पाहिजे. राखेच्या कणांना मातीसारखा चिकटपणा नसतो. उघडी राख पावसाच्या धारेने ओघळते व उन्हाळ्यात वाऱ्याने उडून पानांवर व फुलोऱ्यावर बसते. म्हणून भारतीय रस्ते काँग्रेसच्या 2001 च्या मार्गदर्शिकेत भरावाच्या दोन्ही बाजूंस, उंचीनुसार 1 ते 3 मीटर जाडीचे चांगल्या मातीचे कवच सांगितले आहे. दिल्लीत निजामुद्दीन पुलाचा पोचमार्ग 1990 नंतरच्या दशकात यमुनेच्या पूरपात्रात सुमारे दीड लाख घनमीटर तलावाच्या राखेने बांधला गेला, तोही मातीचे कवच व दगडी पिचिंग यांच्या आधारे. भराव पाण्याजवळ असू शकतो, पण उघडा असू शकत नाही.

पोलाद कारखान्यातील धातुमळीही रस्त्यात वापरतात. सुरतेजवळ हजिरा येथे 2022 मध्ये असा रस्ता झाला. तिच्यात चुना मोकळा असल्याने ती नीट मुरविलेली नसल्यास झिरपणारे पाणी बरेच अल्कधर्मी होते.

काम सुरू होण्यापूर्वी रस्त्यालगतच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून घ्यावा. पंप थोडा वेळ चालवून, त्याच पाण्याने खळबळलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीत नमुना भरावा. काचेची बाटली नको, कारण काही काचेत बोरॉन असतो. नेहमीच्या तपासणीत बोरॉन असतोच असे नाही, तो मुद्दाम सांगावा. मृगापूर्वी भरावाच्या बाजू पाहून जेथे मातीचे कवच नाही किंवा ओघळ पडले आहेत, ती जागा बांधकाम करणाऱ्या खात्यास लेखी कळवावी, आणि राख नाल्यात उतरत असल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासही. मोरीचे तोंड राखेने बुजले असेल तर पाणी शेतात तुंबते. हे पावसाळ्याआधीच मोकळे करून घ्यावे. पाण्याचा दुसरा नमुना पहिला पावसाळा संपल्यावर, विहिरीची पातळी वर आली असता घ्यावा व दोन्ही अहवाल एकत्र जपून ठेवावेत.