माइक किती आणि कोणते?

मागल्या स्नेहसंमेलनात भजनाच्या कार्यक्रमाला आम्ही आठ माइक भाड्याने आणले. गायकाला एक, पेटीला एक, तबल्याला दोन आणि टाळकऱ्यांना चार. पहिल्याच अभंगाला शिट्टी सुरू झाली. चालवणाऱ्याने घाबरून सगळेच आवाज उतरवले. मग मागल्या रांगांतून एकीकडून "आवाज, आवाज!" आणि दुसरीकडून "केळसंगिल्ल!" अशी दोन्ही भाषांत ओरड झाली. पेटी वाजवणाऱ्या माझ्या मित्राने महिनाभर तालीम केली होती; त्याचा एक सूरही कुणाच्या कानी पडला नाही. पं. रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांच्यासारखे पेटीवादक ज्या बेळगावात होऊन गेले, तिथे हे घडावे! जमाखर्च माझ्याकडे होता, त्यामुळे भाड्याची ती पावती अजून डोळ्यांपुढे आहे.

पुढे सुट्टीत निपाणीकडच्या एका मांडववाल्या काकांच्या हाताखाली राहिलो. हकीकत ऐकून ते म्हणाले, "आठ कशाला लावालास रे? निम्मे बंद कर की."

कारण असे. कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा कर्ण्यात जातो, आणि हे चक्र आवरेनासे झाले की शिट्टी वाजते. उघडे माइक दुप्पट केले की शिट्टीआधी आवाज चढवण्याची मुभा तीन डेसिबलने घटते. उलट माइक आणि तोंड यांतले अंतर निम्मे केले की सहा डेसिबल पदरात पडतात, तेही फुकट! आमच्या वाणिज्य शाखेला हा हिशेब तरी पटावा.

गायकाला साधा डायनॅमिक माइक उत्तम. त्याच्या पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी चुंबकात हलते आणि वीज निर्माण होते. बाहेरून वीज लागत नाही, धक्के सोसतो. शुअर कंपनीचा १९६६ सालचा 'एसएम ५८' आजही गायकांच्या हाती दिसतो, तो याच जातीचा. तो समोरचे ऐकतो, पाठीमागचे फार कमी. म्हणून गायकासमोरच्या कर्ण्याकडे त्याची पाठ हवी. मात्र जाळी मुठीत धरली की मागली छिद्रे बुजतात, तो चहूकडचे ऐकू लागतो आणि शिट्टी आलीच. ओठांना अगदी चिकटवला तर खर्ज फुगतो आणि शब्द गिळले जातात.

कंडेन्सर माइक अधिक नाजूक ऐकतो. त्याला बहुधा मिक्सरमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. शांत सभागृहात सतारीला तो शोभतो. आमच्या भजनाच्या गलक्यात तो टाळ आधी ऐकेल, सतार मग.

खरी गंमत पेटीची. आम्ही माइक श्रोत्यांच्या बाजूने, म्हणजे नेमका भात्यापुढे ठेवला होता. तिथे भात्याची फडफडच जास्त. सुरांचा आवाज वरच्या अंगाने निघतो; म्हणून वीतभर वरून, पट्ट्यांपलीकडच्या फटींकडे तोंड करून माइक ठेवावा. वाजवणाऱ्याचा हात अडत नाही ना, हे त्यालाच विचारावे. तबला-डग्ग्याच्या मधोमध, किंचित वरून, एक माइक पुरतो. टाळांना माइक नकोच. ते बोलावल्याशिवाय सगळ्यांच्या माइकमध्ये येतात.

यंदा भजनाला तीन माइक मागवले आहेत. पेटीचा नेमका कुठे ठेवायचा, ते मित्राला पेटीवर बसवून ठरवायचे आहे. तो अजून माझ्यावर थोडा रागावलेला आहे, पण येतो म्हणाला आहे.