घाटात टिकलेले गिअरबॉक्स

लोणंदहून थेट साताऱ्याला जायचे तर सालपे घाट चढावा लागतो. खंडाळ्याहून महामार्ग धरला तर खंबाटकी समोर येतो आणि वाईच्या पुढे पाचगणीला निघालात तर पसरणी. त्यामुळे या भागात जुन्या गाडीची पारख वेगावर होत नाही, दुसऱ्या गिअरवर होते. भरल्या गाडीचा दुसरा गिअर चढाला न कुरकुरता पडला आणि उताराला आपोआप सुटला नाही, तर त्या गाडीला गिऱ्हाईक मिळते, मग तिचे पत्रे कितीही सडलेले असोत.

जुन्या गाड्यांपैकी कुणाचा गिअरबॉक्स सर्वांत टिकाऊ, हा प्रश्न जगभरच्या गाडीवाल्यांना पडतो. अमेरिकेत तो बहुतेक ऑटोमॅटिकबद्दल असतो. आपल्याकडच्या जुन्या गाड्या जवळजवळ सगळ्या हाताने गिअर टाकायच्या, म्हणून आपले उत्तर वेगळे आहे. शिवाय ते आपल्या रस्त्यांवर तपासून झालेले आहे. तपासले वडापने.

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला वडाप समजावून सांगायला नको. एसटी चुकली की लोक त्यातूनच जात. महिंद्राची कमांडर किंवा मार्शल, बजाज टेम्पोची ट्रॅक्स. आत पासिंगपेक्षा दीडपट-दुप्पट माणसे, टपावर पोती आणि मागच्या पायरीवर लटकलेले दोघे-तिघे. गाडी दर फर्लांगाला थांबायची, माणूस चढायचा आणि पुन्हा पहिला, दुसरा, तिसरा. दिवसभरात शेकडो वेळा गिअर बदलले जायचे आणि तेही निम्म्या वेळा चढावर. कुठल्याही कारखान्याच्या चाचणी-मार्गावर याहून कठोर परीक्षा होत असेल असे मला वाटत नाही.

या जीप टिकल्या त्याचे कारण साधे आहे. गिअरबॉक्सचे आयुष्य ठरते ते इंजिन किती जोर लावते आणि दाते, शाफ्ट, बेअरिंग किती जोर सोसू शकतात, या दोहोंमधल्या फरकावर. महिंद्राच्या त्या काळच्या गाड्यांत प्यूजोचे २११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन होते. ताकद साधारण ६२ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या छोट्या पेट्रोल मोटारीपेक्षाही कमी. त्याच्यामागचा चार गिअरचा केएमटी-९० मात्र चांगला जाडजूड. इंजिनाला गिअरबॉक्स मोडण्याइतकी ताकदच नव्हती. पुढे आर्मडा ग्रँडमध्ये आणि २००० साली आलेल्या बोलेरोत पाच गिअरचा बीए-१० आला, तोही मूळ प्यूजोचा. त्याचा दांडा लांब आणि चाल सैल. शहरात वाढलेल्या माणसाला तो पहिल्या दिवशी नकोसा होतो, पण त्याच्या दात्यांबद्दल तक्रार क्वचितच ऐकू येते.

या गाड्या मागच्या चाकांवर चालतात, याचाही मोठा फायदा आहे. त्यांच्यात चौथा गिअर थेट असतो. क्लचकडून येणारा शाफ्ट आणि मागे प्रोपेलर शाफ्टकडे जाणारा शाफ्ट एकमेकांत अडकतात, खालचा काउंटर शाफ्ट नुसता बिनभाराचा फिरतो. लोणंद ते फलटण अशा सपाट रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ चौथ्यातच असते, म्हणजे तेवढा वेळ बाकीचे दाते विश्रांती घेतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत ही सोय नसते. तिथे प्रत्येक गिअरमध्ये जोर दात्यांमधूनच जातो.

ट्रॅक्सची गोष्टही अशीच. आकुर्डीला बनलेल्या या गाडीत मर्सिडीजचे ओएम ६१६ हे २.४ लिटरचे डिझेल इंजिन होते. ज्यांनी मर्सिडीजच्या टॅक्स्या जगभर पळवल्या त्या घराण्यातले हे इंजिन, आणि त्याला साजेसाच भक्कम गिअरबॉक्स. टाटा सुमो १९९४ साली आली. टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरे घेऊन तिचे नाव ठेवले, हे बहुतेकांना माहीत असते. पण ती टाटांच्या पिकअपच्या सांगाड्यावर उभी होती, हे गिअरबॉक्सच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे. माल वाहायला केलेल्या गाडीचे अवयव माणसे वाहायला लावले की ते टिकतात. सुमोचा गिअर टाकायला जड आहे, तिच्या चालकाचा डावा खांदा दुखतो, पण जड असणे आणि मोडणे यांत फरक आहे.

आता ज्या गाडीचे नाव मी पहिल्या क्रमांकावर ठेवतो ती: टोयोटा क्वालिस, आणि तिच्या मागोमाग इनोव्हा. क्वालिस आपल्याकडे २००० साली आली तेव्हा ती नवी नव्हतीच. इंडोनेशियात किजांग नावाने चालणाऱ्या गाडीच्या तिसऱ्या पिढीवर ती बेतलेली होती, आणि ती पिढी १९८६ची. लोकांनी तिला जुनाट म्हटले. माझ्या मते तेच तिचे बळ होते. रस्त्यावर चौदा वर्षे घासून त्यातले दोष आधीच निघून गेले होते. २४४६ सीसीचे, टर्बो नसलेले डिझेल इंजिन, ताकद ७५ अश्वशक्ती, आणि त्याहून बरेच जास्त सोसू शकणारा पाच गिअरचा संच. २००५ साली इनोव्हा आली. तिला टर्बो होता, जोर वाढला, आणि त्या प्रमाणात गिअरबॉक्सही वाढला. तीन-चार लाख किलोमीटर झालेली आणि गिअरबॉक्स एकदाही न उघडलेली इनोव्हा सापडणे ही आज नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

या गाड्यांचे आपल्या भागाशी एक नाते आहे. लोणंदच्या स्टेशनातून जाणारी पुणे-मिरज लाईन पुढे सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला पोचते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथे कारखाना उभारला. लोखंडी नांगराने जमीन नासेल अशी भीती शेतकऱ्यांच्या मनात होती आणि तरी त्यांनी नांगर विकून दाखवला. त्यांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाला भारतात आणण्यात भागीदारी केली. टोयोटा किर्लोस्कर मोटर १९९७ साली स्थापन झाली, आणि बंगळूरजवळ बिडदीला क्वालिस बनू लागली. त्यानंतर तिथेच टोयोटा किर्लोस्कर ऑटो पार्ट्स ही कंपनी उभी राहिली. २००४ पासून ती हाताने टाकायच्या गिअरचे गिअरबॉक्स बनवून थायलंड, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना अशा देशांना पाठवू लागली, इनोव्हाच्या कुटुंबातल्या हायलक्स आणि फॉर्च्युनरसारख्या गाड्यांसाठी. किर्लोस्करवाडीच्या माळावर लोखंड ओतणाऱ्या घराचे नाव अशा रीतीने परदेशातल्या पिकअपच्या पोटात गेले. मला या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो.

छोट्या गाड्यांत मारुती ८००ला तोड नाही. १९८३ ते २०१४ एवढे तिचे आयुष्य. ७९६ सीसीचे इंजिन, आणि गाडी इतकी हलकी की दात्यांवर ताण येतो तरी कुठून? तिचा गिअर पडेनासा झाला की लोक गिअरबॉक्स गेला म्हणून हाय खातात. बहुतेक वेळा दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या जोडणीचे बुश झिजलेले असतात, आणि ते बदलणे हे किरकोळ काम आहे. ओम्नीचेही तेच. पद्मिनी आणि अँबेसेडर यांच्याबद्दल मला जिव्हाळा आहे, पण आज वापरायला घेण्यासाठी मी त्या सुचवणार नाही. त्यांच्या जुन्या मॉडेलांत स्टिअरिंगजवळचा दांडा, पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, आणि सुटे भाग शोधत पुण्या-मुंबईला जायची तयारी हवी.

जुन्या ऑटोमॅटिकबद्दल थोडक्यात सांगतो. टॉर्क कन्व्हर्टरचे, विशेषतः जपानी गाड्यांतले, ऑईल वेळेवर बदलले असेल तर दीर्घकाळ चालतात. जुना सीव्हीटी किंवा कोरड्या क्लचांचा दुहेरी क्लच गिअरबॉक्स घेऊन मात्र घाटमाथ्यावर राहू नये. बिघडला की तो उघडणारा माणूस जवळपास मिळत नाही.

गाडी कुठलीही असो, तिच्या मागे कसा हात होता यावर निम्मे अवलंबून असते. आषाढी वारीत माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि पहिला मुक्काम लोणंदला पडतो. त्या दिवसांत रस्त्यावरच्या गाड्या माणसाच्या पावलाने सरकतात आणि चालकाचा पाय तासन् तास अर्ध्या क्लचवर राहतो. यात जळते ती क्लचप्लेट. गिअर घासून पडू लागतो आणि दोष गिअरबॉक्सवर येतो. खरे नुकसान दुसऱ्या सवयीने होते. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची आणि वळण आले की वेगातच दुसरा गिअर कोंबायचा. दोन शाफ्टांचे फेरे जुळवायचे काम तेव्हा पितळेच्या सिंक्रो रिंगवर पडते आणि ती झिजते. ब्रेक तापतात ते वेगळेच. ज्या गिअरने घाट चढतो त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा शिरस्ता गिअरबॉक्सच्याही हिताचा आहे.

गाडी पाहायला गेलात तर ती थंड असताना सुरू करा. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर पुढच्या शाफ्टचे बेअरिंग गेले आहे. मागच्या चाकांवरची गाडी पहिल्या तीन गिअरांत ओरडते आणि चौथ्यात गप्प होते, तर काउंटर शाफ्टची बेअरिंग पाहायला हवीत. कारण वर सांगितलेच आहे. मग तिला सालपे घाटात न्या. उताराला दुसऱ्यात ठेवून अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडा. गिअर उडून न्यूट्रल झाला, तर आतले फोर्क किंवा दाते झिजले आहेत, आणि मग किंमत त्या हिशोबाने बोला.

शेवटी ऑईल काढून पाहायला सांगा; मालक कुरकुरेल, तरी सांगा. इंजिन ऑईल लोक आठवणीने बदलतात, गिअरबॉक्सचे नव्वद नंबर दहा-दहा वर्षे तसेच राहते. ऑईल दुधाळ असेल तर आत पाणी गेले आहे, बहुधा ओढ्यातून गाडी घातल्याने. प्लगला काळी बारीक भुकटी चिकटली असेल तर ती वयाची झीज. पितळी चमक दिसली तर सिंक्रो रिंग संपत आल्या. दात्याचा तुकडा निघाला तर तो व्यवहार सोडा. नवे ऑईल भरताना डब्यावर जीएल-४ आहे की जीएल-५ हे पाहावे. डिफरन्शियलसाठीच्या जीएल-५मध्ये गंधकाची रसायने जास्त असतात आणि ती जुन्या गाडीतल्या पितळेला खाऊ शकतात. गाडीच्या पुस्तकात जीएल-४ लिहिले असेल तर तेच मागा, दुकानदाराने दुसरा डबा पुढे सरकवला तरी.