आतड्याला मेगाब्लॉक नाही!



रविवारी मेगाब्लॉक असला की कळव्याच्या फलाटावर आपण चडफडतो. पण रूळ दुरुस्त करायचे तर गाड्या थांबवाव्याच लागतात; गाडी बिघडली तर ती कारशेडमध्ये न्यावी लागते. आता तुमच्या लहान आतड्याचा विचार करा. त्याच्या दुरुस्तीसाठी वाहतूक बंद ठेवता येत नाही. मग हे काम चालते तरी कसे?

आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक रसांकुर असतात. घड्या, रसांकुर व पेशींवरचे सूक्ष्मांकुर धरून त्याचा पृष्ठभाग सुमारे 30 चौरस मीटर भरतो, म्हणजे चाळीतल्या दहा बाय दहाच्या तीन खोल्यांएवढा! एवढ्या जागेवरचे अस्तर मात्र फक्त एका पेशीच्या जाडीचे. रसांकुरांच्या तळाशी असलेल्या खळग्यांत मूलपेशी राहतात. त्यांच्यापासून जन्मलेल्या पेशी वर सरकतात, अन्नरस शोषतात आणि तीन ते पाच दिवसांत शेंड्यावरून गळून पडतात. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने 2007 मध्ये या मूलपेशी नेमक्या ओळखून दाखवल्या.

आता समजा, दूषित हातांवाटे रोटाव्हायरस लहान मुलाच्या पोटात गेला. तो शेंड्याजवळच्या, पूर्ण वाढलेल्या पेशींचा नाश करतो. पाणी शोषणाऱ्या पेशीच कमी झाल्यावर जुलाब होणारच! पण तळच्या मूलपेशी बहुधा वाचतात, आणि दुरुस्ती लगेच सुरू होते. प्रथम जखमेशेजारच्या पेशी चपट्या होऊन सरकतात व उघडी जागा झाकतात. यासाठी विभाजनाची वाट पाहावी लागत नाही; काही मिनिटांतच हालचाल सुरू होते. मग मूलपेशी भराभर विभागतात. शेवटी नव्या पेशी वाढून शोषणाचे काम हाती घेतात. याला काही दिवस लागतात.

खरा धोका या काही दिवसांतच आहे. अस्तर सावरण्याआधी शरीरातले पाणी संपले, तर मूल दगावू शकते. येथे जलसंजीवनी उपयोगी पडते. उरलेल्या पेशी ग्लुकोजबरोबर मिठातील सोडियम आत ओढतात आणि परासरणाने पाणी त्यामागे जाते. जलसंजीवनी जखम भरत नाही. ती जखम भरायला वेळ मिळवून देते. डॉक्टर सोबत जस्ताच्या गोळ्या देतात, त्या अस्तर सावरायला मदत करतात. रोगच टाळण्यासाठी लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'रोटासिल' लसीला 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. चमचा चहाचाच घ्या आणि माप चुकवू नका. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. मूल मलूल झाले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर तडक दवाखाना गाठा.

आणि एक गोष्ट घरी आवर्जून सांगा. जुलाब झाले की मुलाला लंघन घडवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पण आतड्याच्या पेशी आपल्या पोषणाचा काही भाग समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. तेव्हा आईचे दूध, मऊ भात, वरणाचे पाणी चालू ठेवा. दुरुस्ती करणाऱ्या कामगारांची शिदोरी कोणी बंद करते का?