घानात लाइट गेली म्हणून

27 जून 2017 रोजी मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक एकापाठोपाठ एक काळे पडत गेले. पडद्यावर तीनशे डॉलरच्या बिटकॉइनची मागणी दिसत होती; पण ते सोंग होतं. पैसे भरले तरी काहीही परत मिळणार नव्हतं. ‘नॉटपेट्या’ या विषाणूचं काम पुसून टाकण्याचं होतं, खंडणीचं नव्हे. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि तिथून जगभर पसरला. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्कच्याच समूहाकडे होतं. तिथली यंत्रणाही बसली आणि कंटेनरचं काम हातानं करायची वेळ आली.

बातम्यांत गाजला तो हल्ला. मला जास्त रस आहे तो नंतरच्या उस्तवारीत. मर्स्कच्या माणसांनी इंग्लंडमधल्या मेडनहेड इथल्या कार्यालयात तळ ठोकला आणि बॅकअप शोधायला सुरुवात केली. बहुतेक सर्व्हरचे बॅकअप सापडले, तीन ते सात दिवसांपूर्वीचे. एवढ्या मोठ्या पडझडीत हे काही वाईट नव्हे. सापडेना तो एकाच गोष्टीचा बॅकअप: डोमेन कंट्रोलरचा.

हा डोमेन कंट्रोलर म्हणजे कंपनीच्या फाटकावरचा रखवालदार समजा. मस्टरही त्याच्याकडे आणि किल्ल्यांचा जुडगाही. कोण आपला, कोण परका, कोणाला कुठली फाइल उघडता येईल, हे बाकीचे सगळे सर्व्हर त्याला विचारतात. तो नसेल तर बाकीचे सर्व्हर उभे करूनही फारसा उपयोग नाही, कारण आत कोणाला सोडायचं हेच त्यांना ठरवता येत नाही.

मग नवा उभारायचा, त्यात काय? अडचण अशी, की प्रत्येक खात्याला आत एक लांबलचक क्रमांक असतो आणि फाइलवरच्या परवानग्या नावानं नव्हे, त्या क्रमांकानं नोंदलेल्या असतात. त्याच नावाचं खातं पुन्हा तयार केलंत तरी क्रमांक नवा पडतो, आणि जुन्या फाइली त्या माणसाला ओळख दाखवत नाहीत. हजारो माणसांच्या, हजारो यंत्रांच्या परवानग्या पहिल्यापासून बांधत बसायचं, म्हणजे महिनोन्‌महिने गेलेच.

आता प्रश्न येतो, की एवढ्या जबाबदार कंपनीनं नेमका याचाच बॅकअप कसा ठेवला नाही? मर्स्ककडे असे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर जगभर विखुरलेले होते आणि ते एकमेकांशी सतत मेळ घालत असत. एक बंद पडला तरी दुसऱ्यावरून तो पुन्हा उभा करता येई. दीडशेच्या दीडशे एकाच वेळी जातील, हे कोणाच्या हिशेबातच नव्हतं. यंत्र जळालं, डिस्क गेली, इमारतीत पाणी शिरलं, तर अशा जुळ्या प्रती उपयोगी पडतात. पण चुकून पुसलेली नोंद त्या तितक्याच इमानानं सगळीकडे पुसतात, आणि सगळ्याच प्रती एका जाळ्यावर चालू असल्या तर विषाणूलाही दार उघडंच असतं. बॅकअपचं काम वेगळं. तो कालचा असला पाहिजे आणि जाळ्यापासून तोडलेला असला पाहिजे.

मर्स्कला तसा एक सापडला, पण तो कोणी ठेवलेला नव्हता. घानामधल्या कार्यालयात हल्ल्याच्या आधी लाइट गेली होती, त्यामुळे तिथला डोमेन कंट्रोलर जाळ्यावरच नव्हता. लाइट जाण्याला शिव्या घालण्यात आपली हयात गेली; इथे त्यानंच अब्रू राखली. पण त्यातली शेकडो जीबी माहिती इंग्लंडला पाठवायची तर तिथलं इंटरनेट इतकं संथ, की त्यात दिवस गेले असते. माणसाबरोबर डिस्क पाठवावी, तर घानातल्या कोणाकडेच ब्रिटनचा व्हिसा नाही. शेवटी तिथला एक कर्मचारी विमानानं नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात डिस्क दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. पुरवठ्याच्या साखळ्या चालवणाऱ्या कंपनीचा सर्वांत मोलाचा माल असा हातोहात गेला.

डिस्क आली म्हणजे काम संपलं, असंही नसतं. मायक्रोसॉफ्टनं सांगितलेली रीत अशी: एकच डोमेन कंट्रोलर आधी उभा करायचा, तोही जाळ्यापासून तोडून. जे मेले त्यांच्या नोंदी त्यातून हातानं काढायच्या, नाहीतर तो त्यांची वाट बघत बसतो. क्रमांक वाटपाचा आकडा मुद्दाम बराच पुढे ढकलायचा, म्हणजे आधी देऊन झालेला क्रमांक दुसऱ्याला जाणार नाही. सगळी ओळखपत्रं ज्या गुप्त खात्याच्या पासवर्डवर चालतात, तो पासवर्ड दोनदा बदलायचा. एकदा बदलून भागत नाही, कारण यंत्रणा मागचा पासवर्डही लक्षात ठेवते. त्यानंतर कुठे बाकीचे एकेक जोडत जायचे. यात घाई करणारा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

मर्स्कचे तेव्हाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी पुढच्या जानेवारीत दावोसला सांगितलं, की 4,000 सर्व्हर, 45,000 संगणक आणि 2,500 अ‍ॅप्लिकेशन्स दहा दिवसांत नव्यानं बसवली. नुकसानीचा कंपनीचा अंदाज 25 ते 30 कोटी डॉलरचा होता.

बॅकअप ‘घेतला जातोय’ या समजुतीवर कसं राहू नये, याचं उदाहरण 2017च्याच जानेवारीत गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीनं दिलं. एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली आणि सुमारे 300 जीबीचा डेटाबेस साडेचार जीबीवर आला. रोजच्या बॅकअपची जागा उघडली तर रिकामी. बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, त्यामुळे तो रोज अपयशी ठरत होता. तशी ईमेलही निघत होती, पण सही नसल्यामुळे ती वाटेतच नाकारली जात होती! चाचणीसाठी सहा तासांपूर्वी सहज काढलेली एक प्रत हाती लागली म्हणून निभावलं. तरीही तेवढ्या वेळातलं काम गेलंच. कंपनीनं हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असतानाच यूट्यूबवरून जगाला दाखवली. त्याबद्दल मला तिचं कौतुक वाटतं.

आपल्याकडच्या लहान कार्यालयांत टॅलीचा बॅकअप त्याच संगणकाच्या डी ड्राइव्हवर असतो, किंवा बारा महिने लावूनच ठेवलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर. खंडणी मागणारा विषाणू आला तर या दोन्ही जागा पहिल्या तडाख्यात जातात. डिस्क काढून कपाटात ठेवायला काही लागत नाही. रंगीत तालीमही अवघड नसते: एक जुना संगणक घ्यायचा, त्याची नेटवर्कची केबल काढायची, त्यावर बॅकअप चढवायचा, आणि रोज बिलं करणाऱ्या माणसालाच तिथे बसवून गेल्या महिन्यातलं एखादं बिल काढायला सांगायचं. बिल निघालं का आणि किती तास लागले, हे त्या डिस्कवरच चिठ्ठी चिकटवून लिहायचं, तारखेसकट.